गॅलरी आठ फुटांचीच हवी

उन्हाळ्याच्या तोंडावर मुंबई-पुण्यातल्या आर्किटेक्चर कॉलेजांत शेवटच्या वर्षाच्या ज्युऱ्या लागतात. भिंतीवर शीट, टेबलावर माउंट बोर्डाचं मॉडेल, समोर बाहेरून आलेले परीक्षक. विषय शहरातल्या घरबांधणीचा असला, तर एक प्रश्न हमखास येतो : ही गॅलरी आठ फूट रुंद कशासाठी? मुलगी सांगते, दुपारी बायका इथे बसतात, धुणं वाळतं, मुलं अभ्यास करतात. परीक्षक विचारतो, नियमाला किती लागते? ती आकडा सांगते. मग वरच्या फुटांचे पैसे कोण देणार? याचं उत्तर तिच्याकडे नसतं. शेरा पडतो : अव्यवहार्य.

मी या अव्यवहार्यपणाची स्तुती करायला बसलो आहे. आर्किटेक्चरच्या पाच वर्षांत मुलं बरंच काही शिकतात. तुळया, निचरा, पाण्याची टाकी, महापालिकेच्या परवानग्या, सगळं. ते सारं नोकरीतही शिकता येतं. नोकरीत शिकता येत नाही ती एकच गोष्ट, आणि ती म्हणजे हा वेडेपणा : जमिनीच्या भावाआधी माणसाच्या बसण्या-उठण्याचा विचार करायचा, आणि तो हट्टाने कागदावर मोजून मांडायचा.

शहाणपणाचा हिशोब कसा चालतो ते आधी पाहू. २०१६ चा रेरा कायदा आल्यापासून घर चटई क्षेत्रावर विकलं जातं. कायदा चांगला आहे, घेणाऱ्याची फसवणूक त्याने कमी केली. पण गॅलरी, जिना, लिफ्टसमोरची जागा, अंगण, यांतलं काहीच चटई क्षेत्रात मोडत नाही, आणि ज्या जागेला भाव नाही ती नकाशावर आक्रसत जाते. झोपडपट्टी पुनर्वसनात हे सर्वांत उघड दिसतं. तिथे रहिवाशांना घर मोफत द्यायचं आणि खर्च विक्रीच्या इमारतींतून काढायचा असतो. पुनर्वसनाच्या इमारती भूखंडाच्या कोपऱ्यात जितक्या दाटीने उभ्या राहतील, तितकी जमीन विक्रीसाठी सुटते. मोफत घराचं क्षेत्र सरकारने २२५ चौरस फुटांवरून २६९ वर नेलं, पुढे ३०० वर. प्रत्येक वेळी चर्चा झाली ती दाराच्या आतल्या चौरस फुटांची.

दाराबाहेर काय झालं ते मानखुर्द-गोवंडीत दिसतं. प्रकल्पग्रस्तांसाठी बांधलेल्या लल्लूभाई कंपाउंड आणि नटवर पारेख कंपाउंड या वसाहतींत दोन इमारतींमधलं अंतर जागोजागी जेमतेम तीन मीटर आहे. खालच्या मजल्यांवर दिवसा दिवा लावावा लागतो. खिडकी उघडली तर समोरच्याची खिडकी, म्हणून लोक ती बंदच ठेवतात, आणि मधल्या पट्ट्यात कचरा साठतो. डॉक्टर्स फॉर यू या संस्थेने आयआयटी मुंबईच्या साथीने इथे केलेला अभ्यास २०१८ मध्ये पुढे आला. ऊन आणि वारा न पोचणाऱ्या इमारतींत, त्यातही खालच्या मजल्यांवर, क्षयरोग जास्त आढळला. म्हणजे विकता न येणाऱ्या त्या मोकळ्या जागेची किंमत शेवटी कुणीतरी दिलीच. ती फुप्फुसांतून दिली.

आता तिसऱ्या वर्षाच्या एखाद्या विद्यार्थ्याचं शीट पाहा. त्याने इमारतीचा छेद काढलेला असतो आणि त्यावर डिसेंबरच्या सूर्याची तिरपी रेघ मारलेली असते, तळमजल्याच्या चुलीपर्यंत. ती रेघ पोचावी म्हणून त्याने दोन इमारती लांब सारल्या, मजले कमी केले आणि त्यापायी घरं कमी पडली. शीटवर हा तोटा स्पष्ट दिसतो आणि त्याचे गुणही जातात. मला तो विद्यार्थी आवडतो. त्याने क्षयाचा अहवाल वाचलेला असेल-नसेल, पण ऊन कुठवर येतं हे त्याने आधी पाहिलं, घरं नंतर मोजली. हा क्रम उलटा करायला त्याला कुणीही शिकवू नये.

ही मुलं मोजतातही फार, आणि भलत्याच गोष्टी मोजतात. हातात टेप घेऊन गिरगावात किंवा लालबागच्या चाळीत जातात आणि जिन्याच्या पायरीची उंची, कठड्याची रुंदी, दारासमोर काढलेल्या चपलांची जागा, पापड वाळत घालायला किती गच्ची लागते, हे सगळं टिपून घेतात. लोक त्यांना सर्व्हेवाले समजून पुनर्विकासाचं काय झालं म्हणून विचारतात. बीडीडी चाळींत तर अशा किती तुकड्या येऊन गेल्या असतील. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी मिळून २०७ इमारती, १९२० च्या दशकात मुंबई सरकारच्या विकास खात्याने बांधलेल्या. तळमजला अधिक तीन मजले, इमारतीत ८० खोल्या, खोली १६० चौरस फुटांची. मधून जाणारा बोळ, दोन्ही बाजूंना दारं. त्या बोळात दिवाळीचे कंदील लागले, लग्नाच्या पंगती उठल्या, संपाच्या बैठका झाल्या.

इथे विद्यार्थ्यांना एक गोष्ट बजावून सांगावी लागते. चाळीचं कौतुक करणाऱ्याने सकाळी सार्वजनिक संडासाच्या रांगेचाही विचार करावा. ५०० चौरस फुटांचं, स्वतःचं न्हाणीघर-संडास असलेलं घर ही बीडीडीतल्या लोकांची वर्षानुवर्षांची मागणी होती आणि ती रास्त होती. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीत पहिल्या ५५६ घरांच्या किल्ल्या मिळाल्या, तेव्हा तो आनंद अगदी खरा होता. पण मग तो बोळ? उंच टॉवरमध्ये लिफ्टचं दार उघडलं की दोन पावलांवर घराचं दार. मधल्या जागेत थांबायला कारणच उरत नाही. प्रत्येकाला स्वतंत्र संडास आणि सगळ्यांना मिळून एक बोळ, ही मागणी एकाच नकाशात मांडायचा मूर्खपणा सध्या कोण करतं? चौथ्या वर्षाची मुलं करतात. दर तीन मजल्यांमागे एक मोकळा मजला सोडतात, त्यावर कट्टा काढतात, एक नळ देतात, भिंतीला गणपती बसवायची जागा ठेवतात. सोसायटी त्याची देखभाल करणार नाही, असं आपण त्यांना सांगतो. ज्या जागेवर लोकांचा जीव आहे तिची देखभाल होते, हे चाळीचे जुने रहिवासी आपल्याला सांगू शकतील.

हे मोजणं वाया जात नाही, याला पुरावा आहे. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला अहमदाबादच्या वास्तुशिल्प फाउंडेशनची आणि कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठाची माणसं इंदूरच्या झोपडवस्त्यांत शिरली आणि त्यांनी हेच केलं. ओटा किती फुटांचा, झाडाचा पार कुठे, शिंपी यंत्र घेऊन कुठे बसतो, गाय कुठे बांधतात, गल्ली कुठे रुंदावते आणि का. एरवी अतिक्रमण म्हणून खोडून टाकायच्या या गोष्टी त्यांनी स्केलवर काढल्या. त्यातून इंदूरचा 'अरण्य' हा गृहप्रकल्प उभा राहिला. त्याचे आर्किटेक्ट बाळकृष्ण दोशी यांनी तिथे गरीब कुटुंबाला पुरं घर दिलं नाही. जोतं दिलं, संडास-न्हाणीचा गाभा दिला, पाणी आणि निचरा दिला, आणि उरलेलं ज्याने त्याने आपल्या कमाईप्रमाणे बांधायचं ठरलं. सुमारे ६५०० भूखंड, सर्वांत लहान ३५ चौरस मीटरचा, दारापुढे ओट्याला जागा. १९९५ मध्ये त्याला आगाखान पुरस्कार मिळाला. दोशी पुण्याचे, जे.जे.मध्ये शिकले, आणि पदवी न घेताच परदेशी गेले. पुढे २०१८ मध्ये त्यांना आर्किटेक्चरचा प्रिट्झकर पुरस्कार मिळाला.

मॅकगिलचं नाव निघालं म्हणून मोशे साफ्दींचंही सांगतो. तिथे शिकताना १९६१ मध्ये त्यांनी प्रबंध लिहिला तो एका हट्टावर : उंच इमारतीतल्या प्रत्येक घराला स्वतःची बाग हवी. घरांची खोकी कारखान्यात ओतायची आणि एकावर एक अशी रचायची, की खालच्याचं छप्पर वरच्याचं अंगण व्हावं. १९६७ च्या माँट्रियल प्रदर्शनात ते खरोखर बांधलं गेलं. ३५४ काँक्रीटची खोकी, त्यांतून १५८ घरं. स्वस्त घरांचं स्वप्न मात्र तिथे पुरं झालं नाही, खर्च फार आला आणि योजलेल्या घरांचा थोडाच भाग उभा राहिला. तरी साठ वर्षं होत आली, लोक आनंदाने राहताहेत आणि विद्यार्थी अजून जाऊन पाहताहेत. माया लिन येल विद्यापीठात शिकत होती, २१ वर्षांची. वर्गातल्या कामातून तयार झालेलं तिचं वॉशिंग्टनच्या व्हिएतनाम स्मारकाचं रेखाटन १९८१ मध्ये १४२१ प्रवेशिकांतून निवडलं गेलं. पुतळा नाही, घोडा नाही, जमिनीत उतरलेली काळी भिंत आणि त्यावर नावं. किती आरडाओरडा झाला होता तेव्हा. आज लोक त्या भिंतीवरच्या नावावर बोट ठेवून उभे राहतात.

आणि चार्ल्स कोरिया. १९५५ मध्ये एमआयटीत पदव्युत्तर प्रबंध म्हणून त्यांनी इमारतीचा नकाशा दिला नाही, एक फिल्म दिली, 'यू अँड युअर नेबरहूड' नावाची. एखाद्या मोहल्ल्यातली माणसं एकत्र येऊन आपला मोहल्ला कसा सुधारू शकतील, याची. आजच्या ज्युरीत हे चाललं असतं का, मला शंका आहे. पण त्या फिल्मपासून पुढची पन्नासेक वर्षं हा माणूस त्याच प्रश्नाभोवती काम करत राहिला. साठच्या दशकाच्या अखेरीस त्यांनी मुंबईतल्या दादाभाई नौरोजी रस्त्याच्या फूटपाथसाठी एक योजना मांडली : कडेने लांबच लांब ओटा बांधायचा, त्याला नळ द्यायचे. दिवसा त्यावर फेरीवाले बसतील, संध्याकाळी महापालिका ओटा धुऊन काढेल, रात्री ज्यांना घर नाही ते स्वच्छ जागी झोपतील. एक ओटा आणि थोडं पाणी, यापलीकडे त्यात खर्च नव्हता. योजना कागदावरच राहिली. फेरीवाले आणि फूटपाथवर झोपणारे मात्र तिथेच राहिले, ओट्याविना आणि नळाविना. अशी योजना एखाद्या विद्यार्थ्याने या वर्षी आणली, तर तिला कुठल्या तोंडाने अव्यवहार्य म्हणायचं?

कोरियांचे सगळे हट्ट मात्र कागदावर राहिले नाहीत. १९६४-६५ मध्ये प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांच्यासोबत त्यांनी खाडीपलीकडे नवं शहर वसवायची कल्पना मांडली. कुणी त्यांना ते काम दिलेलं नव्हतं. ते शहर, म्हणजे नवी मुंबई, वसवायला १९७० मध्ये सिडको स्थापन झाली. पुढे तिथेच बेलापूरला कोरियांनी आर्टिस्ट्स व्हिलेज केलं, ते प्रत्येक आर्किटेक्चरच्या मुलाने जाऊन पाहावं. सात घरं, मध्ये आठ मीटर बाय आठ मीटरचं अंगण. अशा तीन घोळक्यांना मिळून २१ घरांचं आणखी मोठं अंगण. कुठल्याच दोन घरांची भिंत सामाईक नाही, म्हणजे शेजाऱ्याला न विचारता प्रत्येकाला आपलं घर वाढवता यावं. आज तिथल्या बऱ्याच मूळ घरांच्या जागी काँक्रीटची उंच घरं आली आहेत. अभ्यासाला येणारी मुलं ते पाहून हिरमुसतात. हिरमुसायचं कारण नाही, घर वाढावं अशीच तर ती रचना होती. मधली अंगणं आहेत का, ते पाहावं. आहेत.

शिरीष पटेल इंजिनिअर होते, त्यांनी या वेडेपणाला आकड्यांचं बळ दिलं. नुसता एफएसआय, म्हणजे भूखंडाच्या किती पट बांधकाम, एवढं पाहून गर्दी कळत नाही, हे ते सतत सांगत राहिले. मॅनहॅटनच्या इमारती आपल्याहून उंच, पण तिथे माणशी घराचं क्षेत्र कितीतरी जास्त आणि रस्ते रुंद. आपल्याकडे तोच एफएसआय दिला की लहान घरांत दाटीने माणसं राहतात, आणि ती सगळी त्याच अरुंद रस्त्यावर उतरतात. म्हणून रस्त्याच्या, बागेच्या, शाळेच्या दर हेक्टरमागे किती माणसं, ते मोजा. जी मुलं आपल्या शीटच्या कोपऱ्यात एका जिन्यावर किती घरं, एका बाकावर किती म्हातारे असले हिशोब करून ठेवतात, ती याच वाटेने चालली आहेत. मुंबईत माणशी मोकळी जागा सव्वा चौरस मीटरच्या आसपास आहे. एक माणूस उकिडवा बसला तर मावेल एवढी.

ही जागा वाढवायची एक मोठी संधी आली होती. मुंबईतल्या कापड गिरण्यांची सुमारे ६०० एकर जमीन. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमांत ५८ क्रमांकाचा नियम होता. गिरणीची जमीन विकसित करायची तर ढोबळमानाने तिचे तीन भाग करायचे. एक महापालिकेला बागा-मैदानांसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. १९९६ मध्ये कोरियांच्याच अध्यक्षतेखालच्या अभ्यासगटाने गिरण्यांचे तुकडे एकत्र धरून सलग आराखडा कसा करता येईल, ते दाखवलं. त्या काळात कॉलेजांतून गिरणगावावर किती प्रबंध झाले! चिमणीखाली मैदान, विणाई खात्यात बाजार, कामगारांची घरं, दादरपासून भायखळ्यापर्यंत पायी जाता येईल अशी झाडांची वाट. मग २००१ मध्ये नियम बदलला. वाटणी गिरणीच्या आवारात आधीच मोकळ्या असलेल्या जमिनीपुरतीच उरली, आणि बहुतेक जमिनीवर तर शेड उभ्या होत्या. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं, आणि २००६ मध्ये तिथे हा बदल कायम झाला. आज परळ-लोअर परळला फुटपाथ शोधावा लागतो. ते प्रबंध आज काढून पाहिले, तर त्यांतलं सर्वांत भाबडं चित्रही आत्ता उभ्या असलेल्या लोअर परळपेक्षा समजूतदार वाटेल.

पुलाखालची जागा हा मुलांचा आणखी एक आवडता विषय. दर वर्षी कुणीतरी उड्डाणपुलाखाली वाचनालय आणि खेळायला जागा काढतं, आणि धूर, आवाज, गर्दुल्ले यांची नावं घेऊन ते मोडीत निघतं. माटुंग्याला तुळपुळे पुलाखाली लोकांनी पाठपुरावा करून बाग करून घेतली, लोक तिथे रोज फिरतात. सेनापती बापट मार्गावरच्या पुलाखाली २०२२ मध्ये 'वन ग्रीन माइल' नावाची सार्वजनिक जागा झाली. पुरावा म्हणून एवढं पुरे.

सगळाच वेडेपणा मी डोक्यावर घेणार नाही. संगणकावर वाकवलेली, कशासाठी वाकवली हे न सांगता येणारी इमारत, हे वेड नाही, तो आळस आहे. चकचकीत रेंडरमध्ये परदेशी माणसं कुत्रा घेऊन फिरताना दिसली की मला वाटतं, या मुलाने साइटवर एक दुपारही काढलेली नाही. आणि सबमिशनआधी चार-चार रात्री जागण्याचं जे कौतुक कॉलेजांत चालतं, ते तर बंदच व्हावं. झोप न झालेल्या मुलांकडून माणसांच्या विश्रांतीचा विचार कसा होणार? तसंच महाग मॉडेल केलं म्हणून गुण देऊ नयेत. ज्याच्या घरी पैसे नाहीत, त्याची पुठ्ठ्याची गॅलरीही आठच फूट असते.

मला खरी काळजी वाटते ती तिसऱ्या वर्षातच शहाण्या झालेल्या मुलांची. त्यांच्या शीटवर पहिल्या दिवसापासून सात मजली पोडियम पार्किंग असतं, वर टॉवर, कोपऱ्यात पुनर्वसनाची अंधारी इमारत, आणि सगळं नियमात बसलेलं. परीक्षक खूश होतात, ऑफिसात लगेच नोकरी मिळते. मुलं हुशार असतात, त्यांना दोष देववत नाही. आपण इतकी वर्षं त्यांना हेच विचारत आलो, की हे कोण विकत घेणार. एकदाही विचारलं नाही, की तिसऱ्या मजल्यावरच्या आजीला दुपारी ऊन कुठे मिळेल.

म्हणून कॉलेजांना एक सुचवतो. घरबांधणीच्या ज्युरीला बोलावलेल्या परीक्षकांत एक खुर्ची त्या वस्तीतल्या बाईसाठी ठेवावी, जिथे मुलांनी महिनाभर टेप धरली. तिला नकाशा वाचता आला नाही तर मॉडेल पाहील. ती विचारेल, गाद्या कुठे टाकायच्या, पाण्याचं पिंप कुठे ठेवायचं, पाहुणे आले तर म्हातारा सासरा कुठे बसेल, आणि सणाच्या दिवशी या गॅलरीतून दोन ताटं घेऊन जाता येईल का. मुलं निरुत्तर होतील, मग परत जाऊन रेघा पुसून नव्याने काढतील. तिला आयत्या वेळी निरोप देऊ नये, आठवडाभर आधी बोलावणं करावं, तिची रोजी बुडणार नाही अशी वेळ ठेवावी, आणि बाकीच्या परीक्षकांना जे मानधन मिळतं तेवढंच तिलाही द्यावं.